"तूच लिहून आण, मी सही करतो"

प्रिय मॅडम,

मी शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावात राहते. बारावी सायन्सला आहे. घरी कापूस आणि थोडी केळी. उन्हाळ्यात एका शिबिरात कळलं की अमेरिकेतली काही कॉलेजं हुशार मुलांचा सगळा खर्च उचलतात. तेव्हापासून अर्जाच्या मागे लागले आहे. निबंध लिहून झाला, अडलंय ते शिक्षकांच्या शिफारसपत्रांवर. फिजिक्सच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "तूच लिहून आण बेटा, मी सही करतो." मराठीच्या मॅडम मला नववीपासून ओळखतात, पण त्या म्हणाल्या, "मला कुठे येतं गं इंग्रजीत लिहिता?" प्राचार्यांकडे गेले तर ऑफिसमधून चारित्र्याचा दाखला मिळाला. मैत्रीण म्हणते, सगळे असंच करतात, चॅटजीपीटीवर दहा मिनिटांत होईल. सरांचं मन मोडायचं नाही, पण स्वतःचं कौतुक स्वतः लिहून त्यावर दुसऱ्याची सही घ्यायची हे खोटं वाटतं. काय करू?

ता. क. सरांना मी चांगली आठवते. जुलैत तारेचा रोध मोजायच्या मीटर ब्रिजच्या प्रॅक्टिकलला माझं उत्तर सारखं चुकत होतं म्हणून मी संध्याकाळपर्यंत लॅबमध्ये थांबले होते. शेवटची एसटी गेली, आबा मोटरसायकल घेऊन न्यायला आले. तेव्हा सर शिपाईकाकांना हसून म्हणाले होते, "चूक सापडस नही तवलोंग ही पोर उठस नही."

एक विद्यार्थिनी, शिरपूर तालुका


बेटा,

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. ते पत्र तू लिहू नकोस. सरांनाच लिहू दे, मराठीत लिहू दे, आणि त्यांना लिहिता यावं म्हणून जे जे लागतं ते नेऊन त्यांच्या हातात दे. तुला जे खोटं वाटतंय ते खोटंच आहे. सगळे करतात म्हणून ते खरं होत नाही.

सरांवर मात्र रागावू नकोस. मी धुळ्याला २६ वर्षं फिजिक्स शिकवलं, त्या स्टाफरूममध्ये मी बसलेली आहे. ८० मुलांची तुकडी, तशा दोन-तीन तुकड्या, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, चाचणीच्या पेपरांचे गठ्ठे, मध्येच निवडणुकीची ड्युटी. त्यात एक मुलगी येते आणि अमेरिकेच्या कॉलेजासाठी इंग्रजी पत्र मागते. आपल्याकडे इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटी नाहीतर जेईई, तिथे शिक्षकाच्या पत्राला कुणी विचारत नाही. त्यामुळे असं पत्र सरांनी बहुधा कधी पाहिलेलंच नसतं. आपल्या इंग्रजीने पोरीचं नुकसान व्हायला नको ही धास्ती असते, आणि ती विद्यार्थ्यासमोर बोलून दाखवता येत नाही. मग तोंडातून निघतं, "तूच लिहून आण." त्यात तुझ्यावरचा विश्वास जास्त आणि आळस कमी असतो.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मीही अशा सह्या केल्या आहेत. आमच्याकडे ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज एकाच आवारात होतं, बीएस्सीची मुलंही माझ्याकडे यायची. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या, म्हणजे बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी, मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने संशोधन करायला मोठ्या संस्थांमध्ये पाठवतात. त्या अर्जाला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. एका वर्षी आमच्या तीन मुलांनी अर्ज केले, तिघांनी पत्रं स्वतः लिहून आणली, मी वरवर वाचून सह्या ठोकल्या. पुढच्या वर्षी फाईल चाळताना त्या तीन झेरॉक्स शेजारी-शेजारी आल्या. नाव सोडलं तर तिन्ही पत्रं एकच! प्रामाणिक, मेहनती, आज्ञाधारक, नियमित. त्यांतल्या एका मुलाने लॅबमधला बंद पडलेला सिग्नल जनरेटर दिवाळीच्या सुट्टीत रोज येऊन, एकेक भाग तपासून सुरू केला होता. मला ते ठाऊक होतं, मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. पत्रात त्याचा एक शब्द नव्हता. का नव्हता? कारण पत्र त्याने लिहिलं होतं, आणि स्वतःच्या तोंडाने ते सांगायची त्याला लाज वाटली. मी लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत आलं असतं. त्या झेरॉक्स हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. आजही ती फाईल आठवली की जीव खालीवर होतो.

तुझंही तसंच होईल बघ. आपल्या घरांत पोरींना वाढवतानाच शिकवलेलं असतं की स्वतःची फुशारकी मारायची नाही. तू लिहायला बसलीस तर 'मेहनती' लिहिशील, 'शिस्तप्रिय' लिहिशील. मीटर ब्रिजचं लिहिणार नाहीस. तुझ्या या पत्रातही ते तू ता. क. मध्ये टाकलंस.

आता अर्जाची पद्धत बघू, कारण तिथे तर हा प्रश्न आणखी स्वच्छ होतो. अमेरिकेतली बरीच कॉलेजं कॉमन ॲप नावाच्या सामायिक ऑनलाइन अर्जावरून अर्ज घेतात. त्यात शिक्षकाचं पत्र तू चढवतच नाहीस. तू फक्त शिक्षकाचं नाव आणि ईमेल भरतेस. लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते, ते आपलं खातं उघडतात, फॉर्म भरतात आणि पत्र तेच जोडतात. त्याच्या आधी तुझ्यापुढे एक पान येईल, फर्पा नावाच्या १९७४ च्या अमेरिकी कायद्याचं. कॉलेजात प्रवेश घेतल्यावर आपल्याबद्दलची कागदपत्रं पाहायचा हक्क तो कायदा विद्यार्थ्याला देतो. शिफारसपत्रांपुरता हा हक्क तू सोडतेस का, असं ते पान विचारतं. सोडावा. मुलीच्या नजरेखालून न गेलेल्या पत्रावर कॉलेजं अधिक भरवसा ठेवतात. आणि आता तूच सांग, इकडे तू लिहून देणार की हे पत्र मी पाहायला मागणार नाही, आणि तिकडे तेच पत्र तू रात्री जागून स्वतः टाईप केलेलं. अर्जाच्या शेवटी सगळं खरं असल्याचंही तुझ्याकडून लिहून घेतात, आणि खोटं निघालं तर मिळालेला प्रवेशसुद्धा काढून घेता येतो.

चॅटजीपीटीचं म्हणशील तर त्याला इंग्रजी येतं, पण त्या संध्याकाळी ते लॅबमध्ये नव्हतं. एवढं पुरे.

ऑफिसमधून मिळालेला चारित्र्याचा दाखला जपून ठेव, कुठे ना कुठे लागतो. पण शिफारसपत्राची जागा तो घेऊ शकत नाही. आपल्या शाळा-कॉलेजांना दाखल्यांची सवय आहे. बोनाफाईड, चारित्र्याचा, शाळा सोडल्याचा. छापील कागद, मोकळ्या जागेत नाव, अक्षरी जन्मतारीख, गोल शिक्का, आवक-जावक नंबर. भाऊसाहेब रजिस्टर बघून तो पाच मिनिटांत देतात आणि तो सगळ्यांना सारखाच असतो, कारण त्याचं कामच तुझी नोंद सांगण्याचं आहे. शिफारसपत्राचं काम वेगळं. कोर्टात साक्षीदाराला विचारतात ना, "तुम्ही काय पाहिलं?" तसं ते आहे. अमुक माणसाने, अमुक इतके दिवस, अमुक जागी या मुलीला पाहिलं आणि त्याला हे हे दिसलं. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं सांगायचं असतं. आरोपीने वा फिर्यादीने साक्ष लिहून आणायची आणि साक्षीदाराने खाली अंगठा उठवायचा, असं कुठलं न्यायालय चालवून घेईल?

अशा एका साक्षीने काय होऊ शकतं याचं उदाहरण तुला शाळेत असल्यापासून माहीत आहे, फक्त त्याच्याकडे शिफारसपत्र म्हणून कधी पाहिलं नसशील. कृष्णाजी अर्जुन केळुसकर. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलला आणि केळुसकर गुरुजी शिकवायचे विल्सनला, म्हणजे ते त्यांचे वर्गशिक्षकही नव्हते. चर्नी रोडच्या बागेत रोज संध्याकाळी वाचत बसलेला एक मुलगा त्यांना दिसला, त्यांनी चौकशी केली, पुस्तकं दिली. १९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले तेव्हाच्या सत्कारालाही गुरुजी होते. पुढे इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडलं तेव्हा त्यांनीच भीमरावांना सयाजीराव महाराजांपुढे नेलं. महाराजांनी प्रश्न विचारले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ ला बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. गुरुजींपाशी सांगण्यासारखं काय होतं? या मुलाला मी बागेत वाचताना पाहिलं आहे, रोज पाहिलं आहे. पण ते पाहणाऱ्याने सांगितलं म्हणून त्याला वजन आलं. बाबासाहेबांनी स्वतः अर्ज करून तेच लिहिलं असतं तर ते वजन आलं नसतं, आणि तसं लिहिण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता.

तुझ्याकडे तर साक्ष तयार आहे. "चूक सापडस नही तवलोंग ही पोर उठस नही." बेटा, हेच तुझं शिफारसपत्र. सरांनी ते जुलैतच केलंय, शिपाईकाकांपाशी, अहिराणीत. आता ते कागदावर यायचं बाकी आहे.

मी फिजिक्सची, म्हणून त्या प्रसंगाचं मला जास्त वाटतं. मीटर ब्रिजवर नल पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती तारेवरची जागा, एकदा ४२ सेंटिमीटरला, एकदा ४७ ला असा पळायला लागला की शंभरातली नव्वद मुलं शेजारच्या वहीतून रीडिंग उतरवतात. मी २६ वर्षं पाहिलंय. जर्नल पूर्ण होतं, सही मिळते, कुणाला काही कळत नाही. जी पोर तसं न करता एकेक जोडणी सोडून पुन्हा लावते, तारांची टोकं पॉलिश पेपरने घासते, तांब्याच्या पट्टीवरचा एक स्क्रू सैल असेल असा संशय घेते, ती काय प्रकारची आहे हे सांगायला वेगळ्या विशेषणांची गरज नाही. तुझी चूक कुठे निघाली ते तू मला लिहिलं नाहीस, पण सरांना ते नक्की आठवत असेल. ते त्यांनी लिहायला हवं. कॉलेजच्या त्या माणसाला मीटर ब्रिज कळो न कळो, चित्र दिसेल. काळोख पडत आलेली लॅब, दारात किल्ल्या घेऊन उभे शिपाईकाका, निघून गेलेली एसटी, आणि टेबलावर अजून जॉकी धरून बसलेली मुलगी.

आणि गंमत अशी की कॉमन ॲपच्या शिक्षकांच्या फॉर्ममध्ये पत्राखेरीज एक तक्ता असतो. त्यात अभ्यासातली प्रगती, लेखन, स्वतंत्र विचार, प्रामाणिकपणा अशा एकेका गोष्टीवर सरांनी खूण करायची असते, आणि त्यात एक ओळ अशीही येते की अपयश आलं, अडथळा आला तर ही मुलगी कशी वागते. सरांची त्या रकान्यातली खूण आणि पत्रातली ती संध्याकाळ एकमेकींना जुळल्या की वाचणाऱ्याला आणखी काही विचारावं लागणार नाही.

आता सरांकडे जायचं कसं ते सांगते. तास संपल्यावर कॉरिडॉरमध्ये गाठू नकोस, स्टाफरूममध्ये चार जणांसमोरही नको. प्रॅक्टिकलनंतर लॅब रिकामी झाली की जा. म्हण, "सर, पत्र मी लिहिलं तर ते तुमचं होणार नाही, आणि मला तुमचंच हवं आहे. मराठीत लिहा, इंग्रजी करून घेण्याची व्यवस्था मी विचारून आले आहे." एवढं वाक्य पुरेल. बहुतेक शिक्षकांच्या मनावरचं ओझं "मराठीत लिहा" या दोन शब्दांनीच उतरतं.

सोबत एक कागद ने. पत्राचा मसुदा नको, आठवणींचा कागद. एक पान, मराठीत, तुझ्या अक्षरात. त्यावर सरांच्या विषयाशी आणि वर्गाशी संबंधित असे चार-पाच प्रसंग एकेका ओळीत लिही: कोणत्या महिन्यात, काय झालं. स्वतःबद्दल मत लिहू नकोस, फक्त घडलेलं. मत सरांचं. कोणता धडा जड गेला, कोणत्या चाचणीत मार्क पडले नाहीत आणि मग काय केलंस, हेही टाक. आपल्याकडे पोरं अपयश लपवतात. या पत्राला ते उपयोगी पडतं. पुढे काय शिकायचंय, कुठे अर्ज करतेस, घरची परिस्थिती सरांनी सांगितलेली तुला चालेल की नाही, हेही स्पष्ट लिही. कॉलेजला यायला रोज किती अंतर, घरी आल्यावर शेतातलं, चुलीपाशी काय काय पडतं, हे तुझ्या लेखी रोजचंच आहे, पण वाचणाऱ्याला ते ठाऊक नाही. सांगायचं नसेल तर तसं सांग, सर मान राखतील. जर्नलही सोबत असू दे. मीटर ब्रिजचं पान उघडून दाखव, त्यावरची खाडाखोड बोलेल.

ईमेलचं काम किरकोळ वाटेल, पण खरी गाडी तिथेच अडते. पुष्कळ शिक्षकांचं ईमेल कुणीतरी कधीतरी उघडून दिलेलं असतं, पगाराच्या शालार्थ प्रणालीच्या नाहीतर बँकेच्या कामासाठी, सायबर कॅफेवाल्याने नाहीतर भाच्याने, आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. म्हणून अर्जात पत्ता टाकण्याआधी सरांना त्यावर एक साधा ईमेल पाठव आणि तो मोबाईलवर दिसला का ते विचार. लिंक गेली की स्पॅमच्या फोल्डरमध्येही बघायला सांग. आणि लिंक उघडून फॉर्म भरताना मदत लागली तर ती आयटीच्या सरांनी किंवा कुणा सहकारी शिक्षकाने करावी, तू त्या खुर्चीत बसू नकोस. सरांनी कितीही म्हटलं, "घे गं मोबाईल, तूच कर," तरी नको.

भाषांतर इंग्रजीच्या शिक्षकांकडून करून घ्या. मूळ मराठी पत्र सरांच्या सहीचं, त्याच्याबरोबर इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही. अमुक पत्राचं हे भाषांतर आहे, असं एक वाक्य वर. दोन्ही कागद सर एकत्र चढवतील. कॉलेजांच्या वेबसाइटवर इतर भाषेतल्या पत्रांबद्दल सूचना दिलेल्या असतात, तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या तेवढ्या ओळी आधी वाचून घे. भाषांतर साधं, सरळ असावं. फार सजवलेलं नको.

वेळेचं लक्षात ठेव. कॉमन ॲप १ ऑगस्टलाच नव्या वर्षासाठी उघडतं. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या दिवसांत. सहामाही परीक्षा, तिचे पेपर, दिवाळीची सुट्टी, मग प्रॅक्टिकल, मग जानेवारीत तुझी जेईई आणि फेब्रुवारीत बोर्ड. सरांना निदान महिनाभर हातात मिळायला हवा. दसऱ्यानंतर कापूस वेचायला सगळं घर शेतात असतं आणि तूही असशील, म्हणून हे काम त्याच्या आत उरक.

मराठीच्या मॅडमचं तू विचारलंस ते फार बरं केलंस, कारण तिथे तू मोठी संधी सोडून द्यायला निघाली होतीस. एमआयटी आपल्या अर्जदारांना सरळ सांगतं की एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं मानव्यविद्या, समाजशास्त्र किंवा भाषेच्या शिक्षकाचं असावं. त्यांचा अर्ज कॉमन ॲपवर नसतो, वेगळ्या पोर्टलवर असतो, तेही नोंदवून ठेव. इतर ठिकाणीही दोन वेगळ्या स्वभावाच्या विषयांची पत्रं एकमेकांना पूरक ठरतात. भाषेचा शिक्षक म्हणजे इंग्रजीचाच, असं कुठेही लिहिलेलं नाही. चार वर्षं तुझे निबंध वाचणारी बाई तुझ्याबद्दल जे सांगेल ते फिजिक्सच्या सरांना सांगताच येणार नाही. नववीत तू कशी लिहायचीस आणि आता कशी लिहितेस हे फक्त त्यांनी पाहिलंय. त्यांनाही हेच सांग: मराठीत लिहा. माझी पैज आहे, त्यांचं पत्र जास्त सुंदर होईल.

प्राचार्यांचं काम वेगळं आहे आणि थोडक्यात आहे. अमेरिकेतल्या शाळांमध्ये समुपदेशक असतो, तो शाळेचा अहवाल आणि गुणपत्रकं पाठवतो. आपल्याकडे तो नाही, म्हणून ती जागा प्राचार्य किंवा उपप्राचार्य घेतात. अहवालाबरोबर कॉलेजची माहिती द्यायची असते. तुकडीत मुलं किती, बोर्ड कोणतं, मुलं कुठून येतात. इंग्लंडला अर्ज करायचा झाला तर तिथे यूकास या सामायिक अर्जाच्या पोर्टलवर शाळेकडून एकच संदर्भपत्र जातं, पण तू तिकडचं काही म्हटलेलं नाहीस. पैशांचंही एक सांगून ठेवते. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता निवड करणारी आणि निवड झाल्यावर पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट आणि आणखी काही. तिथली स्पर्धा फार मोठी आहे. म्हणून इथली सीईटी आणि जेईई सोडू नकोस. अर्जाची फी परवडत नसेल तर फी माफीची सोय असते, ती मागायला संकोचू नकोस.

पुढचा भाग सरांना वाचायला दे.

सर, नमस्कार. मीही तुमच्याच धंद्यातली. तुमची विद्यार्थिनी तुमच्याकडे एक पान मागते आहे. 'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक' हे शब्द आपल्या हाताला बसलेले आहेत, पण तिकडे आज्ञाधारक म्हटल्याने कौतुक होत नाही. उलट ही मुलगी स्वतः विचार करते की नाही अशी शंका येते. तुम्ही तिला किती दिवसांपासून, कोणत्या वर्गात पाहता ते आधी लिहा. मग ती संध्याकाळ लिहा, जशी झाली तशी. साधारण असं, पण तुमच्या शब्दांत:

"ही मुलगी माझ्या ८० मुलांच्या वर्गात आहे. जुलैमध्ये मीटर ब्रिजचा प्रयोग करताना तिचं उत्तर दर वेळी वेगळं येत होतं. तास संपला, बाकीची बॅच गेली. तिने मला उत्तर विचारलं नाही, थांबायची परवानगी विचारली. मी पेपर तपासत बसलो होतो. शेवटी दोष सापडला तेव्हा तिने तो मला दाखवला आणि मग सगळी रीडिंग पहिल्यापासून पुन्हा घेतली. तोवर तिच्या गावची शेवटची बस गेली होती."

यातलं तपशिलात काय खरं ते तुम्हालाच ठाऊक, मी टेबलाच्या पलीकडे नव्हते. म्हणूनच ते तुमच्याकडून यायला हवं. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी किती मुलं आली ते मोजून लिहा. 'हजारात एक' असं मोघम नको. दोन आली असतील तर दोन लिहा. तक्त्यातल्या ज्या गोष्टीबद्दल तुम्हाला माहिती नाही तिथे 'सांगता येत नाही' असाही रकाना असतो. तिथे खूण केल्याने तिचं काही बिघडत नाही, आणि सगळीकडे सर्वोत्तमची खूण केली तर मात्र बाकीच्या खुणांवरचा विश्वास उडतो. पान भरलं नाही तरी चालेल. पाऊण पान खरं असलं म्हणजे झालं.

आता पुन्हा तुझ्याशी. एवढं करूनही सर "वेळ नाही" म्हणाले तर? तर हात जोडून ये आणि गणिताच्या किंवा केमिस्ट्रीच्या शिक्षकांकडे जा. मन लावून लिहिणारा साधा शिक्षक, नाइलाजाने सही करणाऱ्या विभागप्रमुखापेक्षा तुझ्या कामाचा. क्लासच्या सरांचं पत्र चालेल का, असं मला दर वर्षी मुलं विचारतात. ते जादा पत्र म्हणून काही कॉलेजं घेतात, पण मुख्य दोन पत्रं शाळा-कॉलेजात विषय शिकवणाऱ्यांचीच मागतात. तू रोज कॉलेजला जातेस, लॅबमध्ये बसतेस. जी मुलं नाव एका कॉलेजात आणि दोन वर्षं दुसऱ्या शहरातल्या क्लासमध्ये काढतात, त्यांना अशा वेळी कुणाकडे जावं हेच कळत नाही. त्यांच्या शिक्षकांनी त्यांना पाहिलेलंच नसतं.

पत्र गेलं की सरांना आणि मॅडमना धन्यवाद म्हणायला जाशीलच. पण खरं जायचंय ते मार्चअखेर, निकाल लागतील तेव्हा. तुझं बोर्ड संपलेलं असेल, सर बारावीच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन बसलेले असतील. हो आलं असो की नाही, त्यांना ते तुझ्या तोंडून कळायला हवं. आणि जाताना त्यांना विचार, त्या दिवशी त्यांनी तुला चूक आधीच सांगितली का नाही. मला वाटतं, त्यांना ती कुठे आहे हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं होतं.

तुझी,
मॅडम